आवाज मायावाला नाही

आत्या आमच्या घरी कायमची राहायला आली तेव्हा मी दहा वर्षांची होते. तिला गोंदियाकडच्या एका गावात दिली होती. लग्नाला पाच वर्षं होऊनही मूल झालं नाही, म्हणून नवऱ्यानं दुसरी बायको केली आणि हिला एका लोखंडी पेटीसकट गाडीत बसवून दिलं. बाबांनी पोलादाच्या प्लांटमधली सकाळची पाळी बदलून घेतली आणि तिला आणायला दुर्ग स्टेशनवर गेले. बाबा भावंडांत थोरले, आत्या शेंडेफळ. दोघांत अठरा वर्षांचं अंतर. आईवडील नसल्यामुळे तिचं लग्न बाबांनीच ठरवलं होतं, आणि ती परत आली याचा दोष ते आयुष्यभर स्वतःलाच देत राहिले. घरात पाऊल ठेवताच त्यांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, "तिले काही विचारू नोको."

आईनं काही विचारलं नाही. कॅम्प-1 या कामगार वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या मागे पत्र्याची पडवी होती, ती तिनं शेणानं सारवून घेतली आणि आत्याची पेटी तिथं ठेवली. पुढं वर्षभरात आत्याला मिशनच्या शाळेत मुलींना शिवण शिकवायची नोकरी लागली. सकाळी ती सायकलवर जायची आणि दुपारी परत आली की पडवीत मशीन चालवत बसायची.

तिच्या आवाजाबद्दल मला आधीच सांगायला हवं, कारण पुढं जे घडलं ते सगळं त्यावरच घडलं. तो गोड नव्हता. बसका होता, खालच्या पट्टीतला, चिंच खाल्ल्यावर घशात जी खरखर येते तशी त्याला एक कडा होती. महत्त्वाचा शब्द यायच्या आधी ती जरा थांबायची आणि श्वास घ्यायची. शाळेतल्या साध्या गोष्टीसुद्धा ती अशा सांगायची, की आईच्या हातातलं लाटणं पोळीवर तसंच राहायचं. "मंग?" आई विचारायची. "मंग काय, वहिनी," आत्या म्हणायची, आणि तिथंच थांबायची. आम्हाला राहवायचं नाही.

दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला विहारासमोर मंडप पडायचा आणि आमच्या वस्तीतले लोक नाटक बसवायचे. मी पंधरा वर्षांची होते त्या वर्षी नाटकातल्या आईचं, माउलीचं, काम करणारी बाई तापानं फणफणली. आत्या त्या नाटकाचे कपडे शिवत होती. रोज तालमीला बसून तिला सगळ्यांचीच भाषणं पाठ झाली होती. कोणीतरी म्हणालं, हिलाच उभी करा.

त्या नाटकात एक प्रसंग होता. माउलीचं लेकरू दगावतं आणि त्याला पांघरायला घरात कापड नसतं. ती आपल्या लुगड्याचा पदर फाडते. दरवर्षी तो प्रसंग करणारी बाई मोठ्यानं आक्रोश करायची आणि बायका डोळ्यांना पदर लावायच्या. आत्यानं आक्रोश केला नाही. तिनं पदर हातात घेतला, कुठून फाडावा ते शिवणाऱ्या बाईसारखं नीट पाहिलं, आणि मग फाडला. फाटण्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. नंतर तिच्या घशातून एक हुंदका निघाला, तो ऐकून माझ्या शेजारी बसलेली आई उठून मंडपाबाहेर गेली.

प्लांटमधल्या बाबांच्या मिलमधल्या एका सोबत्यानं त्या दिवशी आपल्या ओळखीच्या एका माणसाला आणलं होतं. छत्तीसगड राज्य नुकतंच झालं होतं आणि छत्तीसगढी सिनेमे धडाधड निघत होते. हा माणूस त्यातलाच एक डायरेक्टर. पुढच्या रविवारी तो आमच्या घरी आला, खुर्चीच्या टोकावर बसला आणि म्हणाला, त्याला त्याच्या सिनेमाची नायिका सापडली आहे.

तो गेल्यावर बाबा भडकले. "सिनेमा? आपल्या घरची बाई सिनेमात नाचन?"

"नाचाचं नाही म्हने," आत्या हळूच म्हणाली. "नवरा कमावाले दूर जाते आन ते मांगं राह्यते. असं काम हाय."

"लोक काय म्हनतीन?"

तेव्हा आई बोलली. आई सहसा बाबांसमोर बोलायची नाही. "एकदा तुमी ठरवलं तिच्यासाठी," ती म्हणाली. "आता तिले ठरवू द्या."

बाबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. कोणी गालात मारल्यासारखा झाला होता. ते सायकल घेऊन बाहेर गेले. तासाभरानं परत आले, हातपाय धुतले आणि आत्याला म्हणाले, "पोरीले सोबत नेजो. एकटी जाऊ नोको." अशी मी आत्याची सोबतीण झाले.

सिनेमाचं छत्तीसगढी शिकायला आत्यानं चार महिने घेतले. आमच्या गल्लीत बालोदकडची एक छत्तीसगढी बाई राहायची, तिच्या ओसरीवर ती रोज संध्याकाळी वही घेऊन बसायची. एकेक वाक्य वीस-वीस वेळा म्हणायची. नायिकेचं मुख्य वाक्य होतं, "मोला छोड़ के झन जा." मला सोडून जाऊ नको. पण आत्याच्या तोंडून तो "झन" आणि तो "जा" मराठीच निघायचा. आपण मराठीत "झाड" म्हणतो, "जागा" म्हणतो, तसा दातांच्या मागून. छत्तीसगढीत तो ज टाळूला लागतो. ती बाई हसायची, आत्याही हसायची आणि पुन्हा म्हणायची. भाकरी थापताना म्हणायची, दोरीवर कपडे टाकताना म्हणायची. शेवटी ती बाई म्हणाली, "अब बने होगे." आता चांगलं झालं. आत्याला ते खरं वाटलं.

शूटिंग शिवनाथ नदीच्या काठी एका गावात पुढच्या उन्हाळ्याच्या सुटीत झालं. मी सावलीत बसून पाहायची. शेवटच्या प्रसंगात नवरा पेटी डोक्यावर घेऊन निघतो आणि ती दारात उभी राहून ते वाक्य म्हणते. पाहायला जमलेल्या गावातल्या बायका खरोखर रडल्या. त्यांचेही नवरे दूर कुठं कुठं विटा पाडायला जात होते. त्यातल्या एकीनं आत्याला हाताला धरून घरी नेलं, बोरे-बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात, खाऊ घातली. परत येताना जीपमध्ये आत्या म्हणाली, "तिले वाटलं मी तिच्याच गावची हावो." असा आनंद मी तिच्या चेहऱ्यावर आधी पाहिला नव्हता.

डबिंगला बोलावतो असं डायरेक्टर म्हणाला होता. आत्या वाट पाहत राहिली. वही पुन्हा पुन्हा वाचायची, विसरायला नको म्हणून. बोलावणं काही आलं नाही. मग एक दिवस पॉवर हाउसच्या चौकात पोस्टर लागलं, त्यावर तिचा चेहरा होता आणि खाली एक वेगळंच नाव. डायरेक्टरनं तिला सिनेमासाठी नाव दिलं होतं, ऐकताच छत्तीसगढी वाटावं असं.

पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला आम्ही सगळे गेलो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मिलमधले त्यांचे सोबती बायकापोरांसकट आले होते. टॉकीज भरलेली होती. पडद्यावर आत्या आली, डोक्यावर पाण्याची गुंडी, आणि आमच्या रांगेतून शिट्ट्या वाजल्या. मग तिनं तोंड उघडलं.

आवाज दुसऱ्याच बाईचा होता. पातळ, स्वच्छ, गोड. त्यातला प्रत्येक ज टाळूला लागत होता.

मी आत्याकडे पाहिलं. ती पडद्याकडेच पाहत होती. तिचे ओठ हलत होते. ती आपली वाक्यं मनातल्या मनात, बरोबर त्याच वेळी म्हणत होती. मध्यंतरापर्यंत तशीच म्हणत राहिली. नंतर ओठ थांबले. शेवटी "झन जा" आलं तेव्हा अख्खी टॉकीज रडत होती, आणि आत्या मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती.

बाहेर आल्यावर लोकांनी तिला घेरलं. बाबा ज्याला त्याला सांगत होते, "माही बहीन होय. सगळ्यांत लहान." माणसं पांगल्यावर आत्या त्यांना म्हणाली, "दादा, आवाज मायावाला नाही." माझा नाही.

बाबांना कळलं नाही. मिलच्या धडधडाटात तेवीस वर्षं काढलेला माणूस. त्यांना ऐकू कमीच यायचं. "मशीनमधून बदलत असन आवाज," ते म्हणाले.

"मशीन नाही, दादा. दुसरी बाई बोलून राहिली."

ती डायरेक्टरला भेटायला गेली तेव्हाही मी सोबत होते. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं आम्हाला बसवलं, चहा मागवला आणि खाली पाहत म्हणाला, "चेहरा आपका पूरा छत्तीसगढ़ का है, दीदी। पर ज़बान में नागपुर आ जाता है। पब्लिक पकड़ लेती।" आत्यानं विचारलं, "मग आधीच कावून नाही सांगितलं?" हे ती मराठीतच बोलली, आणि त्याला ते कळलंही. त्यानं चहाचा कप तिच्यापुढं सरकवला.

त्यानंतर काही दिवस तिनं मशीनला हात लावला नाही. शाळेत मात्र जायची. तिथं एक म्हातारी सिस्टर होती, आयर्लंडची. चाळीस वर्षं याच भागात काढलेली, हिंदी चांगली बोलायची. आत्याच्या शिवणाच्या खोलीत ती उसवलेलं काहीबाही घेऊन यायची आणि बसायची. तिनं आत्याला विचारलं काय झालं, आणि आत्यानं सांगितलं. तेव्हा सिस्टरनं तिला एका नटीची गोष्ट सांगितली. एका बैठकीत नाही, डब्याच्या सुटीत थोडी थोडी, कितीतरी दिवस. आत्या घरी येऊन ती आम्हाला सांगायची.

ती नटी सिस्टरच्याच गावची. तिच्या बापाचं बुटांचं दुकान होतं. गावच्या नाटकात काम करताना कोणीतरी तिला पाहिलं आणि ती आगबोटीत बसून अमेरिकेला गेली, वय वर्षं एकोणीस. तिथल्या स्टुडिओनं तिचं नाव बदललं, पुढचे दात बसवून दिले आणि एक मास्तरीण ठेवली, तिची गावची बोली घालवायला. रोज सकाळी दोन तास. आठ महिन्यांत बोली गेली. मग तिचे सिनेमे आले, ते जुने, काळे-पांढरे, आणि सगळ्या जगानं पाहिले. सिस्टर लहान असताना गावच्या हॉलमध्ये तिचा सिनेमा लागला. सगळं गाव गेलं. तिची आई पहिल्या रांगेत बसली होती. सिनेमा संपल्यावर आई शेजारणीला म्हणाली, "दिसते माझ्या पोरीसारखी. बोलते कोण?"

आत्या हे सांगायची तेव्हा त्या आईचं वाक्य आमच्या नागपुरीतच म्हणायची. "दिसते तं माह्या पोरीसारखी. बोलून कोन राहिली?" आणि थांबायची.

"मंग तिनं काय केलं?" आईनं विचारलं.

"काम करत राह्यली म्हने, वहिनी. दहा वर्सं नायिका झाली. मंग नायिकेची आई झाली. मंग कोनी बलावलं नाही. म्हातारपनी गावाले परत आली, भावाच्या घरी राह्यली. बोली काही परत आली नाही. गावातले लोक तिले परदेशी बाईच समजत. पोस्टात गेली का पोरं तिच्या बोलन्याची नक्कल करत."

सिस्टरनं तिला एक फोटो दिला होता, कोणत्यातरी मासिकातून कापलेला. पांढरा झगा घातलेली बाई, मान जरा वळवलेली. आत्या तो बॉबिनच्या डब्यात ठेवायची. मला त्या बाईचे डोळे घाबरल्यासारखे वाटायचे. आत्याला तसं वाटायचं नाही. ती म्हणायची, "घाबरली नाही ते. आयकून राहिली."

आत्याही काम करत राहिली. दुसरा सिनेमा आला, त्यातही आवाज दुसरीचाच. आता तिला लोक ओळखायला लागले होते. कॅम्पच्या बाजारात भाजीवाल्या तिला हाक मारायच्या, जवळ बसवून म्हणायच्या, "ओ डायलॉग बोल न दीदी!" सुरुवातीला ती बोलायची. पण तिच्या तोंडून तो बसका आवाज निघाला, की बायकांचे चेहरे पडायचे. एकीनं तर मागं वळून दुसरीला म्हटलंच, "ए ओ नो हे।" ही ती नव्हे. त्या दिवसापासून आत्या बाजारात बोटानं भाजी दाखवायला लागली. भाव विचारायचा तर मी विचारायची.

तिसऱ्या सिनेमाला तिनं एकच अट घातली: डबिंगच्या वेळी मला तिथं बसू द्या. आम्ही दोघी रायपूरला गेलो. स्टुडिओ म्हणजे एका दुकानाच्या मागची खोली होती, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. काचेपलीकडे माइकसमोर एक बाई उभी होती. आत्यापेक्षा दहा-एक वर्षांनी मोठी, जाड काचेचा चष्मा, खांद्याला डब्याची पिशवी. ती दुर्गला मोहन नगरात राहायची, अंगणवाडीत काम करायची आणि लग्नांमध्ये बिहाव-गीतं गायची. कानाला हेडफोन लावून ती आधी आत्यानं शूटिंगच्या वेळी बोललेलं वाक्य ऐकायची, मग तेच आपल्या आवाजात म्हणायची.

काचेतून तिनं आत्याला पाहिलं आणि ओळखलं. बोलता बोलता थांबली. बाहेर येऊन आत्यासमोर उभी राहिली. मग त्या बाईनं हात जोडले आणि म्हणाली, "नाराज हस का, बहिनी?"

आत्यानं मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही.

ती बाई छत्तीसगढीतच सांगत गेली. तीन सिनेमे मी तुझा आवाज कानात घेऊन फिरते आहे. तू कुठं श्वास घेतेस, कुठं थांबतेस, ते माझ्या नवऱ्याचं मला ठाऊक नाही एवढं तुझं ठाऊक आहे. तू थांबतेस म्हणून मी थांबते. माझं नाव त्यांनी कुठं लिहिलं नाही, बहिनी, आणि तुझा आवाज कुठं ठेवला नाही. आणि मग तिनं एक गोष्ट सांगितली, जी आम्हा कोणाच्याच लक्षात आली नव्हती. "तोर रोवई मोर से नइ बनिस। ओ ह तोरेच हे।" तुझं रडणं मला जमलं नाही, ते तुझंच आहे. तिनं कितीदा प्रयत्न केला होता. शेवटी डायरेक्टरलाच सांगितलं, हुंदका तिचाच राहू द्या. शब्द संपले की पुढचा आवाज आत्याचा होता, तिन्ही सिनेमांत.

तिनं आपले हेडफोन काढून आत्याच्या कानाला लावले. आत्यानं डोळे मिटले. काय ऐकलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. पण परतीच्या गाडीत ती खूप दिवसांनी बोलत होती. सिनेमाबद्दल काही नाही; त्या बाईच्या डब्यातली भाजी कशी छान होती, त्याबद्दल.

त्या बाईला आम्ही दुर्गवाली मावशी म्हणायला लागलो. ती महिन्या-दोन महिन्यांनी यायची. दोघी पडवीत बसायच्या, एक छत्तीसगढीत बोलायची, दुसरी मराठीत, आणि दोघींना सगळं कळायचं.

आणखी तीन सिनेमे झाले. त्यातल्या शेवटच्यात आत्या नायकाची आई होती. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती आणि नायक तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. केसांना पांढरी पावडर लावून ती घरी आली तेव्हा बाबा तिला पाहून दचकले. त्यानंतर बोलावणं आलं नाही. सिस्टरला तिच्या लोकांनी म्हातारपणासाठी दक्षिणेकडच्या आश्रमात नेलं. आत्यानं तिला सुती झगा शिवून दिला. पुढं तिचं काय झालं, आम्हाला समजलं नाही.

एकदाच आत्यानं स्वतःहून काम मागितलं. सेक्टरमध्ये, म्हणजे प्लांटच्या कॉलनीत, साहेब लोकांची एक मराठी नाटक मंडळी होती. मी तेव्हा कॉलेज संपवून नोकरीला लागले होते, मीच तिला म्हटलं, "मराठी नाटक हाय, आत्या. तिथं तं तुहाच आवाज लागन." ती तयार झाली. नवी साडी नेसली. हॉलमध्ये पाच-सहा जण बसले होते. तिला एक उतारा दिला. तिनं वाचला. वाचून झाल्यावर एक बाई फार गोड बोलल्या, "भाव छानच आहे हं तुमचा. पण भाषा जरा... आपल्याला शुद्ध लागते. तुमच्यात ते थोडं नागपूरकडचं येतं." मग कोणीतरी म्हणालं, मोलकरणीचं काम आहे, त्यात असं बोललेलं चालेल.

आत्यानं कागद नीट घडी करून टेबलावर ठेवला. "नाही," ती म्हणाली. "मले जमनार नाही."

बाहेर येऊन तिनं स्कूटीवर मागं बसताना मला विचारलं, "काय वं, मी बोलू तरी कुठं?" मी गाडी सुरू केली. तिथं घेऊन जाणारी मीच होते, हे अजून माझ्या मनातून जात नाही.

छातीतली गाठ तिनं किती दिवस लपवली ते आम्हाला कळलंच नाही. कळलं तेव्हा डॉक्टरांनी बाबांना बाहेर बोलावून सांगितलं, फार उशीर झाला. बाबा तेव्हा रिटायर झालेले. ते दवाखान्याच्या बाकड्यावर दिवसभर बसून राहायचे. आई आदल्या वर्षीच गेली होती, त्यामुळे आत्याजवळ मीच असायची.

एक तरुण नर्स तिला ओळखून धावत आली. "आप वही हैं ना? मेरी मम्मी मोबाइल पे आपकी पिक्चर देखती है, हर बार रोती है।" मग लाजत म्हणाली, "एक बार बोल दीजिए ना, वो वाला।"

मी नको म्हणणार होते. पण आत्यानं उशीवरून मान जरा वर केली, श्वास घेतला, थांबली आणि म्हणाली, "मोला छोड़ के झन जा." तिचा झ, तिचा ज, दातांच्या मागून. बारा-चौदा वर्षांनी मी तो आवाज त्या वाक्यात ऐकत होते, आणि एवढा खरा तो मला आधी कधी वाटला नव्हता.

नर्सनं तिचा हात थोपटला आणि बाहेर जाताना मला हळूच म्हणाली, "बीमारी से दीदी की आवाज़ बैठ गई है, ना?"

आत्यानं ते ऐकलं होतं. ती माझ्याकडे पाहून हसली. आठवड्याभरानं, सकाळी, मी तिचे केस विंचरत असताना ती गेली.

विहारातल्या श्रद्धांजलीला पुष्कळ माणसं आली. कोणीतरी मोबाइलवर तिच्या सिनेमातले प्रसंग लावले, आणि लोक म्हणाले, आवाज काय गोड होता! दुर्गवाली मावशी मागं भिंतीला टेकून बसली होती. तिला बोलायला सांगितलं तर ती उठली नाही. आम्ही घरात शोधलं. आत्याचं बोलणं कुठंच नव्हतं. तिला फोनवर बोलायला आवडायचं नाही, लग्नाच्या व्हिडिओत ती नेहमी स्वयंपाकाकडे असायची. रायपूरचा तो स्टुडिओ बंद पडून तिथं कपड्यांचं दुकान झालं होतं. सहा सिनेमे आहेत. त्यांत तिचं रडणं तेवढं आहे.

त्यानंतर बाबांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, किल्ल्या, मग गल्ली, मग आई गेली आहे हेही. ते संध्याकाळी माझ्या फोनवर आत्याचा सिनेमा लावायला सांगत. कानाला यंत्र बसवल्यापासून त्यांना बरं ऐकू यायचं. आत्याला ते लहानपणापासून "बाई" म्हणायचे. एक दिवस मला म्हणाले, "पाह्य, कसा आवाज हाय बाईचा. लहानपनापासून असाच." मी "हो बाबा" म्हटलं. तो तिचा नाही, हे ज्या माणसाला तिनं सगळ्यांत आधी सांगितलं होतं, तोच विसरला होता.

एकदा दुर्गवाली मावशी पुष्कळ दिवसांनी आली. तीही आता वाकली होती. दारातूनच तिनं मला हाक मारून विचारलं, "भइया कइसे हे?"

आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "बाई? कवा आली वं तू?"

मावशी उंबरठ्यावर थांबली. माझ्याकडे पाहिलं. बाबा भिंतीला धरत बाहेर आले, तिच्याकडे पाहिलं, पण त्यांचे डोळे तिचा चेहरा बघतच नव्हते. ते कान देऊन उभे होते.

"गाडी लेट होती का?" त्यांनी विचारलं. "मी स्टेशनवर येनार होतो."

मावशीनं पिशवी खाली ठेवली. "अभीच आए हँव, भइया," ती म्हणाली.

"जेवली का?"

"नइ खाए हँव."

बाबांनी मला ताट वाढायला सांगितलं. ते तिच्यासमोर पाटावर बसले आणि ती जेवेपर्यंत उठले नाहीत. मध्येच म्हणाले, "त्या घरी तुले देली, ते माहं चुकलं, बाई. मले माफ करजो." मावशीचा घास हातातच राहिला. चष्म्याखालून पाणी येत होतं, पण ती रडण्याचा आवाज करत नव्हती. मग तिनं डावा हात पुढं करून बाबांच्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाली, "तोर का गलती, भइया. झन रो."

तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले तेव्हा मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला त्रास झाला."

"कुछ नहीं, बेटी," ती म्हणाली. "ओला का लागिस, ओ जाने." त्यांना काय वाटलं, ते त्यांनाच ठाऊक.

ती दर महिन्याला येत राहिली. कधी भाजी आणायची, कधी नुसतीच बसायची आणि बाबा जे विचारतील त्याचं उत्तर द्यायची. असं जवळजवळ वर्षभर चाललं. मग पावसाळ्याच्या शेवटी बाबा गेले, आणि त्यानंतर ती आली नाही. मी दोनदा मोहन नगरात जाऊन आले. पहिल्या वेळी भेटली. दुसऱ्या वेळी घराला कुलूप होतं, आणि शेजारचे म्हणाले, मुलानं तिला आपल्याकडे नेलं.